बालीला जाताना भीड घरी ठेवून जा : पैसे बदलणे, टॅक्सी, स्कूटर आणि देवळांच्या दारातील फसवणूक

पारलेकर

गेल्या मे महिन्यात मी, पत्नी, मुलगी आणि माझ्या सासूबाई असे चौघे नऊ दिवस बालीला जाऊन आलो. बेट मनापासून आवडले, पुन्हा जाण्याची इच्छा आहे आणि म्हणूनच हा धागा काढत आहे. परतल्यापासून इमारतीतील आणि कार्यालयातील इतक्या जणांनी त्याच त्या शंका विचारल्या की, एकदाच सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

तिथे पर्यटकाला फसवणारा माणूस सहसा धाक दाखवत नाही. तो हसतमुखाने बोलतो आणि आपल्या भिडस्तपणाचा फायदा घेतो. दादरच्या बाजारात मेथीची जुडी घेतानाही सुटे पैसे मोजून घेणारे आपण, तिथे टेबलापलीकडच्या माणसाने हसून ‘बरोबर आहेत ना?’ असे विचारले की मान डोलावतो, कारण मागे माणसे खोळंबलेली असतात, उकाड्याने जीव हैराण झालेला असतो आणि परक्या देशात कुणावर अविश्वास दाखवणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. त्याचा अर्थ मला कुता या पर्यटकांनी गजबजलेल्या भागातल्या एका गल्लीत कळला.

सारोंग (कमरेला गुंडाळायचे लुंगीसारखे वस्त्र) आणि चपला विकणाऱ्या एका दुकानाच्या आत, अगदी शेवटी, पैसे बदलण्याचे टेबल होते. बाहेरच्या फलकावर एका डॉलरला 16,500 रुपिया (इंडोनेशियाचे चलन) असा दर लिहिला होता आणि खाली कमिशन नसल्याचे म्हटले होते. रस्त्यावरच्या मोठ्या, काचेच्या केबिनच्या दुकानात दर 16,250 होता. मी 200 डॉलर दिले, त्याचे 33 लाख रुपिया झाले. त्या माणसाने ते सगळे वीस हजारांच्या हिरव्या नोटांमध्ये काढले, म्हणजे एकूण 165 नोटा. त्याने दहा-दहाच्या चळती टेबलभर मांडल्या, मी प्रत्येक चळत मोजली आणि हिशेब बरोबर निघाला. मग ‘नीट लावून देतो’ असे म्हणत त्याने सगळ्या नोटा गोळा केल्या, टेबलाच्या कडेवर दोनदा आपटून गड्डी सारखी केली आणि रबर लावून माझ्या हातात ठेवली. त्याच वेळी दुसरा माणूस मुलीला कोणत्या शहरातून आलात म्हणून विचारत होता आणि माझे लक्ष क्षणभर तिकडे गेले. हॉटेलवर पत्नीने नोटा मोजल्या तेव्हा त्या 131 भरल्या. टेबलाची आतली कड आपल्याला दिसत नाही, तिथे खण उघडा असतो आणि गड्डी आपटताना अंगठ्याने मागच्या नोटा खाली सरकवल्या जातात, हे मला नंतर समजले. 34 नोटा म्हणजे 6 लाख 80 हजार रुपिया, आपले साडेतीन हजार रुपयांहून थोडे अधिक. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर टेबलावर कापड पसरलेले होते आणि सारोंग विकणारी मुलगी आपल्याला काही ठाऊक नाही असे सांगत होती. पावती मी मागितलीच नव्हती.

आता हिशेब पाहा. चढ्या दरामुळे मला दोनशे डॉलरमागे 50 हजार रुपिया जास्त मिळणार होते, म्हणजे पावणेतीनशे रुपयेसुद्धा नाहीत, आणि त्या लोभापायी त्याच्या बारापट अधिक गमावले. आजूबाजूच्या सगळ्या दुकानांपेक्षा चढा दर हीच धोक्याची खूण असते, हे तेव्हा ध्यानात यायला हवे होते. बँक इंडोनेशिया या तिथल्या मध्यवर्ती बँकेचा परवाना असलेल्या दुकानांवर ‘पीव्हीए बेरिझिन’ असे लिहिलेले चिन्ह असते, तिथे पावती मिळते आणि सहसा कॅमेराही असतो. नोटा एक लाखाच्याच मागाव्यात. 33 लाखांच्या तेहतीस नोटा मोजायला अर्धे मिनिट पुरते, हातचलाखीला वाव उरत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटची मोजणी आपल्या हाताने व्हावी आणि त्यानंतर नोटा पुन्हा त्या माणसाच्या हातात जाऊ नयेत. त्याने परत मागितल्याच, तर रुपिया टेबलावर ठेवून आपले डॉलर मागावेत आणि निघावे.

टॅक्सीच्या बाबतीत आमचे नुकसान झाले नाही, पण थोडक्यात वाचलो. ब्लू बर्ड ही तिथली मीटरने चालणारी विश्वासार्ह टॅक्सी. तिचा रंग फिकट निळा असतो, आणि नेमक्या त्याच निळ्या रंगाच्या, साधारण तशाच पक्ष्याचे चित्र लावलेल्या दुसऱ्या गाड्याही रस्त्यावर फिरतात. मीटरला तिकडे ‘आर्गो’ म्हणतात. बसण्याआधी ‘पाकाई आर्गो?’ एवढे विचारले की पुढचा माणूस सरळ आहे की नाही ते त्याच्या उत्तरावरून कळते. मीटर बिघडला आहे असे सांगणाऱ्याच्या गाडीत आपण मुंबईत बसत नाही, तिथेही बसू नये. ग्रॅब आणि गोजेक ही अ‍ॅप तिथे सर्रास चालतात आणि भाडे आधीच दिसते. मात्र उबुद आणि चांगगूच्या काही भागांत स्थानिक वाहनचालकांचा अ‍ॅपवाल्या गाड्यांना विरोध आहे, म्हणून तिथे हॉटेलकडून गाडी ठरवून घेणे बरे पडते.

उलुवातूच्या देवळातील माकडांबद्दलही सांगतो, कारण आमच्या सासूबाईंचा चष्मा त्यांनी पळवला. ही माकडे वस्तू उचलतात आणि खाणे मिळेपर्यंत सोडत नाहीत. कोणत्या वस्तूच्या बदल्यात जास्त खाऊ मिळतो हे त्यांना कळते, यावर संशोधकांनी अभ्यासही केला आहे. चष्मा, मोबाइल, टोपी पिशवीत बंद करूनच आत जावे. वस्तू सोडवून देणारा माणूस लगेच पुढे येतो आणि त्याला पैसे द्यावे लागतात. आम्ही दिले, आणि चष्मा धड परत मिळाला याचेच समाधान मानले.

ज्यांना आणखी अनुभव असतील त्यांनी कृपया इथे लिहावे.

अबोली

पारलेकर, अतिशय उपयुक्त धागा. नोटांविषयी थोडी भर घालते. रुपियाच्या शून्यांमुळे आपला गोंधळ उडतो. शेवटची तीन शून्ये काढून उरलेल्या आकड्याला पाचने गुणावे, म्हणजे रुपयातील किंमत अंदाजे कळते, प्रत्यक्षात ती त्याहून किंचित जास्त असते. दीड लाख रुपिया म्हणजे दीडशे गुणिले पाच, साडेसातशेच्या वर. एक लाखाची नोट लालसर आणि दहा हजारांची जांभळी असते, रात्रीच्या अंधूक उजेडात टॅक्सीत बसून पैसे देताना या दोघींत गफलत होते. मी लाल समजून नोट दिली आणि चालकाने दहाच हजार दिलेत असे सांगितले. त्याने नोट बदलली की मीच चुकले, हे आजतागायत ठरवता आलेले नाही. तेव्हापासून दोन्ही प्रकारच्या नोटा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते आणि देताना आकडा मोठ्याने उच्चारते.

एटीएम शक्यतो बँकेच्या शाखेतले वापरावे, कारण रस्त्याकडेच्या एकट्या मशीनवर कार्डाची माहिती चोरणारी यंत्रे बसवल्याचे प्रकार तिथे वारंवार घडलेले आहेत. तिथल्या बऱ्याच मशीनमधून पैसे आधी येतात आणि कार्ड नंतर. आपल्याला उलटी सवय असल्यामुळे पैसे घेऊन निघून जाण्याची चूक होते. आणि मशीनने रक्कम भारतीय रुपयांत वळवून देऊ का असे विचारले तर नकार द्यावा, कारण तो दर जवळपास नेहमीच आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो.

वडाळकर

स्कूटरबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव लिहितो. मी आणि माझा मित्र चार दिवसांसाठी स्कूटर घेऊन फिरलो. मालकाने पासपोर्ट ठेवून घेतला आणि आम्ही काही न बोलता दिला, ही पहिली चूक. गाडी परत करताना त्याने मागच्या चाकाजवळच्या पत्र्यावरील एक ओरखडा दाखवला आणि 25 लाख रुपिया मागितले. ओरखड्यात धूळ बसलेली होती, कडेला गंज धरलेला होता, म्हणजे तो जुनाच होता हे उघड दिसत होते, पण पासपोर्ट त्याच्या खणात आणि विमान त्याच रात्रीचे. शेवटी 9 लाखांवर तडजोड झाली. गाडी घेताना मालकाच्या देखत चारही बाजूंनी व्हिडिओ काढला असता आणि पासपोर्टऐवजी त्याची छायाप्रत दिली असती, तर हा वाद उभाच राहिला नसता. मूळ पासपोर्टच हवा असे म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नये, दुसरा दुकानदार चार पावलांवर असतो.

दुसरी गोष्ट परवान्याची. नुसता भारतीय परवाना तिथे चालत नाही, आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओकडून नमुना 4-अ भरून एक हजार रुपये शुल्कात मिळतो आणि एक वर्ष चालतो. आपल्या परवान्यावर दुचाकीची नोंद असल्याची खात्री करून घ्यावी. हा कागद नसेल तर रस्त्यावर अडवणाऱ्या पोलिसासमोर आपली बाजू लंगडी पडते आणि तिथेच रोख रक्कम देऊन सुटण्याचा मोह होतो. त्याहून गंभीर म्हणजे अपघात झाल्यास प्रवास विमा कंपनी वैध परवान्याअभावी दावा नाकारू शकते, आणि परदेशातील रुग्णालयाचा खर्च सामान्य घराला पेलणारा नसतो. ज्यांना मुंबईच्या रस्त्यावर दुचाकी चालवण्याची सवय नाही, त्यांनी तिथे जाऊन प्रथमच हात बसवू नये, एवढी कळकळीची विनंती.

सागरलाट

वरील सर्व प्रकार बालीत पोहोचल्यानंतरचे आहेत. आमची फसवणूक इथे, बोरिवलीत बसल्या बसल्या झाली. समाजमाध्यमावरील जाहिरात पाहून एका एजंटकडे दोघांच्या सहलीचे पैसे भरले. तिकिटाची सुबक छापील प्रत आली, हॉटेलचे पत्र आले आणि निघण्याच्या सहा दिवस आधी फोन बंद झाला. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून पाहिला तेव्हा आरक्षण काही दिवसांपूर्वीच रद्द केलेले होते. म्हणून सांगते, तिकीट हातात आल्यावर एकदा आणि नंतर दर आठवड्याला ते स्वतः तपासावे आणि हॉटेलला थेट ईमेल करून आपल्या नावाची खोली राखून ठेवली आहे का ते विचारावे. परदेश सहलीचे पॅकेज विकणाऱ्याला आपल्याकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) वसूल करून आपल्या पॅनवर भरावा लागतो आणि तो नंतर आपल्या आयकराच्या विवरणात दिसतो. जो एजंट पॅन विचारत नाही, बिल देत नाही आणि कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात पैसे टाकायला सांगतो, त्याच्याशी व्यवहार करू नये. फसल्याचे कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच तक्रार करावी, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्याआधीच ते गोठवता येण्याची शक्यता असते. आम्ही ‘करेल फोन, करेल फोन’ म्हणत दोन दिवस वाट पाहिली आणि ती संधी गेली.

व्हिसाच्या बनावट संकेतस्थळांपासूनही जपावे. भारतीयांना तिथे पोहोचल्यावर मिळणाऱ्या तीस दिवसांच्या व्हिसाचे शुल्क 5 लाख रुपिया आहे आणि तो आधी ऑनलाइनही काढता येतो. बालीचा पर्यटक कर 14 फेब्रुवारी 2024 पासून माणशी दीड लाख रुपिया आहे. इंडोनेशियाच्या सरकारी संकेतस्थळांचा पत्ता डॉट गो डॉट आयडी असा संपतो. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी कित्येक स्थळे जाहिरातीची असतात आणि त्याच कामाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

मृद्गंध

धाग्यातील माहिती चांगली आहे, पण एका गोष्टीबद्दल मला लिहावेसे वाटते. माझे काम मला वर्षातून दोनदा बालीला नेते आणि तिथली सामान्य माणसे अतिशय सचोटीची आहेत. मी रिक्षासारख्या गाडीत विसरलेला कॅमेरा चालकाने हॉटेलवर आणून दिला आणि बक्षिसी घ्यायला तो तयार नव्हता. तनाह लोतच्या देवळाशी खडकाखालच्या झऱ्याजवळ पुजारी कपाळाला तांदूळ लावतात आणि समोर दानपेटी असते. त्यालाही काही जण फसवणूक म्हणतात, ते मला पटत नाही. आपल्या देवळात आपण ताटात दक्षिणा ठेवतो, तसेच ते आहे. इच्छेने दिलेले दान आणि अडवून घेतलेले पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अडवणूक होते ती देवळाच्या बाहेर. ‘आज आत समारंभ आहे, माझ्याशिवाय प्रवेश मिळणार नाही’ असे सांगणारे वाटाडे, आणि सारोंग विकत घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत असे सांगणारे विक्रेते, यांच्याकडे थांबू नये. उलुवातू, तिर्ता एम्पुल यांसारख्या ठिकाणी सारोंग तिकिटातच मिळतो. ‘तिदाक, तेरिमा कासिह’, म्हणजे ‘नको, धन्यवाद’, एवढे शब्द हसून म्हणावेत आणि चालत राहावे. तिकीटखिडकीवर पोहोचेपर्यंत कुणाचेही काही खरे मानू नये.

पारलेकर

मृद्गंध, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. आमचा उबुदचा चालक इतका प्रामाणिक होता की, वाटेत लुवाक कॉफीच्या (उदमांजराने खाऊन विष्ठेतून टाकलेल्या बियांच्या कॉफीच्या) बागेत थांबायचे का असे विचारताना त्याने स्वतःच सांगितले की तिथे नेल्याबद्दल त्याला पैसे मिळतात. आम्ही थांबलो. बाकी चहा-कॉफीच्या छोट्या पेल्या फुकट चाखायला देतात, लुवाकच्या पेल्याचे मात्र वेगळे पैसे पडतात आणि शेवटी महागड्या पाकिटांच्या दुकानातूनच बाहेरचा रस्ता असतो. पिंजऱ्यातील उदमांजर कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. मुलीने ते पाहिले आणि पेला तसाच ठेवला. त्यानंतर आम्ही अशा कोणत्याही बागेत गेलो नाही.

कमिशनचा हाच प्रकार तांजुंग बेनोआच्या जलक्रीडांना लागू आहे. तिथे पाटीवरचा दर फुगवलेला असतो आणि ‘तुमच्यासाठी अर्धी किंमत’ म्हणून जे सांगतात तेही महागच असते. आधी ऑनलाइन भाव पाहून ठेवल्यास घासाघीस करणे सोपे जाते. जिंबारानच्या किनाऱ्यावर मासे खाताना भाव किलोचा आहे की शंभर ग्रॅमचा हे विचारावे, वजन आपल्यासमोर करून घ्यावे, काटा आधी शून्यावर आहे का आणि टोपली ओली-जड आहे का ते पाहावे. कोळणीकडून पापलेट घेताना आपण हे सगळे न सांगता करतोच. बिलात वरून लावलेला कर आणि सेवाशुल्क ही मात्र फसवणूक नाही, मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते.

चारकोपची सई

मी डिसेंबरमध्ये आईबाबांना घेऊन जात आहे. आई 66 वर्षांची आहे आणि तिला लेंपुयांग देवळाच्या दरवाजाचे, छायाचित्रांत दिसते ते पाण्यातले प्रतिबिंब पाहायचे आहे. तिथे काही फसवणूक होते का? आणि अडचण आलीच तर कुणाला गाठावे?

मृद्गंध

सई, आईंना आधीच सांगून ठेवा की तिथे पाणी नाही. छायाचित्र काढणारा माणूस मोबाइलच्या भिंगाखाली आरसा धरतो आणि त्यातून तळ्याचा भास होतो. छायाचित्रासाठी क्रमांक घेऊन कधी कधी दोन-तीन तास बसावे लागते. दरवाजा मात्र खराच सुंदर आहे, आणि आकाश मोकळे असेल तर मधोमध आगुंग पर्वत दिसतो. पहाटे लवकर निघालात तर गर्दीही कमी आणि पर्वत ढगांत जाण्याआधी दिसण्याची शक्यताही जास्त. देनपसारच्या रेनोन भागात भारताचा वाणिज्य दूतावास आहे. पासपोर्ट हरवल्यास तिथेच जावे लागते, म्हणून त्याचा क्रमांक तिघांच्याही मोबाइलमध्ये आधीच जतन करून ठेवा.

चारकोपची सई

परवाच परतलो, म्हणून कळवते. लेंपुयांगला ढग होते, पर्वत दिसला नाही, पण आईला आरशाची करामत पाहूनच आनंद झाला. चष्मे आम्ही उलुवातूच्या फाटकाशीच पिशवीत टाकले होते.

पैसे बदलायला सानूरमध्ये चिन्ह पाहून एका दुकानात गेलो आणि तिथे व्यवहार चोख झाला. दुसऱ्या वेळी मात्र लेगियानला घाई होती, चिन्ह न पाहताच आत शिरलो. मी एक लाखाच्याच नोटा मागितल्या, तेव्हा तो माणूस पन्नास हजारांच्या निळ्या नोटा मांडू लागला. मी दोनदा मोजल्या, त्या बरोबर भरल्या आणि त्याने हात पुढे करून ‘नीट लावून देतो’ हेच शब्द इंग्रजीत म्हटले. मी भिडेपोटी गड्डी पुढे सरकवलीही होती. आईने मध्येच आपला तळहात त्या नोटांवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत मराठीत सांगितले, ‘राहू दे बाळा, आम्ही लावून घेऊ.’ त्याला शब्द कळले नसतील, पण त्याने हात मागे घेतला. आईने तिथेच उभ्या उभ्या तिसऱ्यांदा नोटा मोजल्या, पिशवीत टाकल्या, आणि मग आम्ही बाहेर पडलो.